थुंकी न लागलेले पैसे

थुंकी लावून नोटा मोजणारा माणूस समोर आला की मला किळस येते. पहिल्यापासून येते, आजही येते. आमच्यात म्हणतात, सगळं जग असंच मोजतं, तुझंच नाक मोठं. असेल. पण मेंदीचं काम सुरू केलं तेव्हापासून मी एकच गोष्ट मागत आले. माझ्या कामाचे पैसे माझ्या हातात यावेत आणि मधे कुणाची थुंकी, कुणाचा घाम, कुणाची मेहेरबानी त्यांना लागू नये. एवढ्याशा गोष्टीपायी काय काय बघावं लागलं ते लिहून काढते. बोलून दाखवणं मला जमत नाही. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढ्यावर जे लिहिता येतं ते लिहिते.

माझं माहेर कागलच्या बाजूला. लग्न होऊन कोल्हापुरात आले. नवरा उद्यमनगरात फौंड्रीत कामाला, आणि घर म्हणजे शाहूपुरीच्या एका बोळात दोन खोल्या. सासूला मी आत्याबाई म्हणते. शेजारच्या घरात भाभी. त्यांच्या मालकांचं गाद्या भरायचं दुकान होतं आणि भाभींनी घराच्या पुढच्या खोलीत पार्लर काढलं होतं. मेंदीचा कोन धरायला मी त्यांच्याकडून शिकले. शाळेत असताना मला गणित यायचं नाही, पण पाटीच्या चारी बाजूंनी वेल काढायला यायची. मास्तर छडी मारायचे ती त्या वेलीपायी. भाभींनी माझी पहिली मेंदी बघितली आणि म्हणाल्या, "माझा हात नुसता ओढतोय गं. तुझा हात चालतोय."

मग आम्ही दोघी लग्नघरी जाऊ लागलो. ही नव्वदच्या नंतरची वर्षं. शाहूपुरीतल्या, राजारामपुरीतल्या मोठ्या मोठ्या व्यापाऱ्यांची घरं. नवरीच्या एका हाताला भाभी, दुसऱ्या हाताला मी. काम संपायला दुपार कलायची. मान अवघडून जायची. आणि मग पैशाची वेळ आली की गंमत व्हायची.

नवरीची आई भाभींच्या हातावर रोख पैसे ठेवायची आणि माझ्याकडे वळून गोड हसायची. "तुला काय पैसे द्यायचे गं? तू तर घरच्यासारखी. सवाष्ण आहेस, बस पाटावर, ओटी भरते."

ओटीला नाही म्हणता येत नाही. मी पाटावर बसायची, पदर पसरायची. त्यात तांदूळ पडायचे, नारळ पडायचा, खण पडायचा. त्यावर एखादी नोट. ती नोट ती बाई चोळीतून काढायची. लग्नघरातली दिवसभराची धावपळ, त्या घामानं भिजून मऊ पडलेली नोट. ती हळदीकुंकवाबरोबर माझ्या पदरात यायची आणि मला वाकून नमस्कार करायला लागायचा. घरी आल्यावर नारळ फोडावा तर आत काळा, आणि वास असा की खोलीत बसवायचं नाही. कुठल्या देवळात किती वेळा फिरून आला होता कोण जाणे.

वाटेत भाभी पदराआड हसायच्या. "मी मुसलमान, माझी ओटी कोण भरणार? म्हणून मला पैसे देत्यात. तू त्यांच्यातली, म्हणून तुला नारळ. सांग बघू, कुणाचं बरं हाय?"

खणांची तर पेटी भरली माझी. एकदा नणंद माहेरपणाला आली तेव्हा त्यातलाच एक हिरवा खण मी तिच्या ओटीत घातला. त्याच्या कोपऱ्याला पेटीच्या गंजाचा डाग होता, तो घडी घालून आत दडवला. पुढं कधीतरी एका लग्नघरी दोन नवऱ्या मुलींचे चार हात रंगवले, पाटावर बसले, आणि पदरात खण पडला तो हिरवा. घरी जाऊन घडी उलगडली. कोपऱ्यात गंजाचा डाग. माझाच खण, कुठून कुठून फिरून, किती जणींच्या पदरातून, माझी मजुरी होऊन परत आला होता. मला हसू यायला पाहिजे होतं. पण त्या खणाला हात लावायची शिसारी आली. किती बायकांना असंच गप्प बसवत तो गावभर फिरला असेल, तेच डोळ्यांपुढं आलं. मी त्याचं पोतेरं केलं.

असं बरेच दिवस चाललं. मग गावात कॉम्प्युटरची दुकानं निघाली आणि सगळं बदललं असं मला वाटलं.

झालं असं की भाभींची मावसबहीण लग्न होऊन परदेशात गेली होती. तिच्या ओळखीची एक बाई तिकडं पार्लर चालवायची. बाई मूळची मुंबईची, मराठी. तिकडं मेंदीची हौस फार, पण तीच ती छापील पुस्तकातली नक्षी बघून लोक कंटाळलेले. भाभींच्या बहिणीच्या हातावर मी एकदा मेंदी काढली होती, तिचा फोटो त्या बाईनं बघितला आणि निरोप आला, अशी नवी नवी नक्षी कागदावर काढून पाठवाल का, पैसे देईन. ओटी नव्हे, पैसे. मी तो निरोप भाभींकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतला.

काळ्या पेनानं पांढऱ्या कागदावर मी काढू लागले. मोर, कुयऱ्या, जाळी, करवंदाची पानं, विहिरीचा रहाट, ऊस. उसाची पेरं मनगटाभोवती फिरवली की सुरेख दिसतात, पण ती छापील पुस्तकात नसतात. आणि एक गोष्ट करायची. नवरीच्या मेंदीत नवऱ्याचं नाव वेलीत लपवायचं असतं, आणि लग्नानंतर नवऱ्यानं ते शोधायचं असतं. कागदाला नवरा नाही. म्हणून मी वेलीत माझं नाव लपवायची. माझं म्हणजे माहेरचं. सासरचं नाव मला कधी माझं वाटलंच नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं त्यात बोटानं माझं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी वाकून बघितलं, टाळ्या वाजल्या, आणि दुसऱ्या दिवशी तेच तांदूळ आत्याबाईंनी भाताला घेतले. घरातल्या सगळ्यांनी ते नाव खाल्लं, मीही खाल्लं. पण ते अंगी लागलं नाही.

कागद पाठवायला कॉम्प्युटरच्या दुकानात जावं लागायचं. दुकान वरच्या मजल्यावर. जिन्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या चित्रांच्या फरश्या बसवल्या होत्या, लोकांनी थुंकू नये म्हणून. लोक देवाला चुकवून बाजूला थुंकायचे. देवाच्या दोन्ही बाजूंनी लाल ओघळ. पदर नाकाला लावून मी चढायची. वर पडदे लावलेली खोकडी, एकेका खोकड्यात एकेक कॉम्प्युटर. त्याच्या बटणांवर बोटांचा मळ बसून अक्षरं दिसेनाशी झालेली. दुकानदार मला वैनी म्हणायचा. तोंडात कायम गुटखा, म्हणून बोलताना मान वर करून बोलायचा, चूळ धरल्यासारखा.

"पैसे कसे मागवायचे म्हणताय वैनी?" त्यानं विचारलं. मी काहीच म्हटलं नव्हतं, मी नुसती उभी होते. "तिकडनं चेक पाठवला तर वटायला जन्म जाईल आणि बँक निम्मं खाईल. इंटरनेटवरच एक पाकीट असतंय, पण त्याला तुमचं बँकेत खातं पायजे, आणि इंग्लिशमधलं सगळं भरायला पायजे. तुमचं खातं हाय?"

मी मान हलवली. नाही.

"मग सोपं हाय की. माझ्या खात्यावर मागवू. आलं की तुम्हाला रोख मोजून देतो. घरचंच समजा."

घरच्यासारखी, घरचंच. हे शब्द ऐकले की मला आता कळायचं की काहीतरी जाणार. तरी मी मान डोलावली. पैसे त्याच्या खात्यावर आले. त्यातलं थोडं त्यानं आपलं म्हणून काढून घेतलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, दुकान मांडून बसलाय माणूस. माझं म्हणणं वेगळं आहे. त्यानं नोटांची गड्डी काढली. अंगठा जिभेवर फिरवला. गुटख्यानं ती जीभ विटकरी झालेली. एक नोट, अंगठा, जीभ. दुसरी नोट, अंगठा, जीभ. मी टेबलाकडं बघत होते, वाटत होतं टेबलावर ठेवेल. त्यानं ठेवल्या नाहीत. माझा हात पुढं येईपर्यंत थांबला, खालून आपला एक हात लावला, वरून नोटांचा हात ठेवला, आणि दोन्ही हातांच्या मधे माझा हात दाबून म्हणाला, "मोजून घ्या की वैनी. काय घाई हाय?"

मी मोजल्या नाहीत. जिना कसा उतरले ते आठवत नाही. उजवा हात अंगापासून लांब धरून घरी आले.

घरी कोणी नव्हतं. मी त्या नोटा साबणाच्या पाण्यातून काढल्या. एकेक, हलक्या हातानं, कोवळ्या बाळाला न्हाऊ घालावं तशा. नोटांच्या कडांना विटकरी डाग होते, ते काही सगळे गेले नाहीत. मग स्वयंपाकघरातल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या. आणि आत्याबाई आल्या.

"आगं ए! हे काय मांडलंस?"

"घाण हाईत, आत्याबाई."

"पैशाला घाण? लक्ष्मीला आंघोळ घालतीस व्हय? मग आता वेणीफणी पण कर तिची. शिकेकाई देऊ का?"

आणि बाहेर जाऊन बोळात सांगून आल्या. पुढं कितीतरी दिवस भाजीवाली सुटे पैसे देताना म्हणायची, "वाळलेलं हाईत हं, बघून घ्या."

नवऱ्यानं दोरी बघितली, हसला नाही. तो फौंड्रीतून काळाठिक्कर होऊन यायचा. नाकातून, कानातून काळी वाळू निघायची. त्याच्या मळाची मला कधी किळस आली नाही, तो मळ ज्याचा त्याच्या अंगावर असायचा. दुसऱ्याच्या हातावर तो पुसायचा नाही. मी त्याला दुकानातल्या हाताचं सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, त्या माणसाकडून पैसे नकोत.

"मग माझ्या खात्यावर मागव की," तो म्हणाला. "कारखान्यानं काढून दिलेलं खातं हाय. मी आणून देतो."

पुढचे पैसे त्याच्या खात्यावर आले. स्वच्छ आले. पण आले की तिथंच राहिले. चहाच्या टपरीवर तो मित्रांना सांगू लागला, "आमचा इंटरनेटचा धंदा हाय. एक्सपोर्ट." मला पैसे लागले की मागावे लागायचे.

"आवं, कागद आणि पेनं आणायची हाईत."

"किती पायजेत?"

"द्या की तुम्हाला वाटंल तेवढं."

"कशाकशाला पायजेत ते सांग, म्हंजे बघतो."

द्यायचा. मागितल्यापेक्षा जास्तच द्यायचा, नाही म्हणणार नाही. पण दर वेळी मी हात पुढं करायची, आणि एक दिवस तो पुढं केलेला हात माझ्या डोळ्यांना दिसला. ओटीला पदर पसरायची तसाच. बोटांना शाई लागलेली, मधल्या बोटाला पेनाचा घट्टा. त्या हातानं काढलेल्या नक्षीचे पैसे तोच हात मागत होता. त्या दिवशी किळस आली ती माझ्याच हाताची. इतकी की रात्रीचं जेवले नाही.

मी भाभींना म्हटलं, मला कुणाच्याच खात्यावर नकोत.

भाभींनी बहिणीला फोन करून विचारलं. तिकडून कळलं की पैसे पाठवायची दुकानं असतात, तिथं तिनं भरायचे, इथं शाहूपुरीतल्या खिडकीवर मी ओळखपत्र दाखवून घ्यायचे. खातं नको, मधे कुणी नको. मला इतका आनंद झाला की त्या महिन्याच्या नक्षीत मी दोन मोर जास्त काढले.

पैसे आल्याचा निरोप आला तशी आम्ही दोघी गेलो. मी रेशनकार्ड घेतलं होतं आणि जवळ असावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखलाही. खिडकीपाशी रांग होती, सगळे बाप्ये. माझा नंबर आला. खिडकीतल्या माणसानं नंबर बघितला, कार्ड बघितलं, पुन्हा पडद्याकडं बघितलं.

"हे नाव तुमचं न्हाय."

"माझंच," मी म्हटलं. म्हटलं म्हणजे ओठ हलले.

"मोठ्यानं बोला की, बाई. ही पैसेवाली कोण हाय?" आणि त्यानं नाव वाचलं. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं वाचलं. लग्न झाल्यापासून परक्या माणसाच्या तोंडून ते नाव मी ऐकलं नव्हतं. माझं माहेरचं नाव. आणि त्याच्या पुढं सासरचं आडनाव.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिकडच्या बाईला माझं नाव कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं ते वेलीतून शोधून काढलं होतं, कागदाकागदावर. आडनाव भाभींच्या बहिणीनं सांगितलं. दोन्ही जोडून तिनं पैसे पाठवले. तिची काय चूक? मेंदीत नाव लपवतात ते शोधण्यासाठीच.

भाभींनी माझ्या हातातला दाखला ओढून खिडकीत सरकवला. "हे बघा साहेब. लग्नाच्या आधीचं हे, लग्नानंतरचं ते. बाई एकच हाय."

त्यानं दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "ह्यात नाव जुळतंय, आडनाव न्हाय. त्यात आडनाव जुळतंय, नाव न्हाय. निम्मी बाई ह्या कागदात, निम्मी त्या कागदात. अख्खी कुठाय?"

रांग हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "निम्मं पैसे द्या मग!" पुन्हा हसली. हसताना एकाच्या तोंडातली तंबाखू उडाली आणि माझ्या पदरावर एक काळा कण येऊन बसला. मी त्या कणाकडं बघत राहिले.

"असं करा, मिस्टरांना पाठवा," खिडकीतला म्हणाला. "न्हायतर तिकडनं नाव बदलून आणा. पुढं कोण हाय? या पावणं."

घरी आल्यावर सगळ्यांनी सल्ले दिले. नवरा म्हणाला, माझ्याच नावावर पाठवायला सांग, वाद मिटला. कॉम्प्युटरवाल्याला कळलं होतंच, तो म्हणाला, वैनी, माझं नाव कळवू का, ते सगळ्या कागदात एकच हाय. आत्याबाई म्हणाल्या, "एवढं रामायण करण्यापरीस ओट्या काय वाईट हुत्या? नारळ तरी मिळायचा."

मी तो पदर तीनदा धुतला. धूत असताना ठरवलं की खातं काढायचं. मोठ्या सरकारी बँकेत, माझं एकटीचं. खिडकी नको, दुकान नको, नवऱ्याची टपरी नको.

बँकेत खातं काढायला आधीच्या कुणा खातेदाराची ओळख लागायची. नवरा सही करायला तयार होता, पण त्याचं खातं त्या बँकेत नव्हतं. भाभींचं होतं. रोख पैसे घेणाऱ्या बाईचं खातं असणारच.

"मी येतो तुझ्याबरं," भाभी म्हणाल्या. "आणि हे बघ, तिथं घशातल्या घशात बोलू नगंस. मी सही करीन, बोलणार तू."

टेबलामागं एक बाई होत्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी फॉर्म पुढं ओढला आणि न बघता विचारलं, "नाव?"

मी माहेरचं नाव सांगितलं.

त्यांनी रेशनकार्ड बघितलं, फॉर्म फाडला, दुसरा घेतला. रागावल्या नाहीत. "रोज चार जणी असंच सांगतात," म्हणाल्या. "कोणत्या नावानं काढायचं ते नीट सांगा. दाखल्यावरच्या नावानं काढायचं तर गॅझेटला छापून आणावं लागेल, नाव बदलल्याचं."

"पण मी न्हाय बदललं," मी म्हटलं. माझ्याच तोंडून गेलं. भाभींनी वळून बघितलं.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "कुणी बदललं?"

मला ते तांदूळ आठवले. बोटानं ओढलेली अक्षरं, वरून वाकलेली तोंडं, आणि दुसऱ्या दिवशीचा भात. त्याचं काय सांगणार.

"काढा," मी म्हटलं. "कार्डावरच्या नावानं काढा." दुसरं नाव वेलीत होतं, तिथंच राहू दे. ते कुणी खिडकीतून मोठ्यानं वाचून दाखवावं असं आता मला वाटत नव्हतं. पैशाच्या कामाला हे सासरचं नाव चालेल. भांडी घासायला जुनं लुगडं नेसावं तसं.

कॉम्प्युटरच्या दुकानातूनच मी परदेशातल्या बाईला कळवलं. भाभींनी मजकूर सांगितला, दुकानदारानं टाइप केला. खिडकीवरचे पैसे परत घ्या आणि ह्या बँकेत, ह्या नावावर पाठवा. टाइप करताना त्याचं तोंड वाकडं झालं. "बँक कमिशन खाईल बरं का वैनी." निघताना त्यानं तासाच्या भाड्यासाठी हात पुढं केला, तळवा वर करून. मी पैसे टेबलावर ठेवले. त्याच्या हातापासून चांगले लांब, माऊसच्या पलीकडं. तो उचलून घेईपर्यंत मी जिना उतरले होते.

तिकडून उत्तर आलं. त्या बाईनं लिहिलं होतं, नाव बदललंत का? माफ करा, मला ते वेलीतलं नाव आवडायचं. भाभींनी विचारलं, काय कळवू? मी म्हटलं, कळवा की पैसे ह्या नावाला, वेल त्या नावाला.

पैसे जमा व्हायला वेळ लागला. बँकेनं काय कापायचं ते कापलं. पासबुकावर आकडा छापून आला तेव्हा मी त्याला हात लावला नाही, नुसता बघितला. त्याला कुणाची जीभ लागली नव्हती. दोन चार दिवस मी तसाच ठेवला. मग नवे कागद आणायचे होते म्हणून स्लिप भरली. सही करताना सासरचं नाव लिहायला हात अडखळला, पण लिहिलं.

कॅशच्या पिंजऱ्यात एक उतारवयाचे गृहस्थ होते. त्यांच्यापुढं एक गोल डबी होती आणि तिच्यात स्पंज. तो कशाला असतो हे मला भाभींनी आधीच सांगितलं होतं. बोट भिजवायला. बँकेत जीभ लावत नाहीत, स्पंज असतो. ते ऐकूनच मला ही बँक आवडली होती.

त्यांनी माझी स्लिप घेतली. नोटांची गड्डी ओढली. अंगठा स्पंजाकडं नेला, दाबला. स्पंज वाळून खडखडीत झाला होता, विटेसारखा. त्यांनी अंगठा परत आणला आणि जिभेवर फिरवला.

मी बघत होते. एक नोट मोजली. अंगठा पुन्हा वर गेला.

"थांबा," मी म्हटलं.

मोठ्यानं म्हटलं असणार, कारण शेजारच्या पिंजऱ्यातला माणूसही थांबला. मागं रांग होती. रांगेत बाप्ये होते. जीभ टाळूला लागायला निघाली होती, मी तिला लागू दिलं नाही.

"काय झालं?" ते म्हणाले. "पैसे बरोबर हायत की."

"पैसे बरोबर हाईत. थुंकी लावू नका."

त्यांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. "आं?"

"जीभ लावू नका त्यांना. स्पंज भिजवा की."

मागून कुणीतरी हसलं. भाभी बाकावर बसून होत्या, त्या उठल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. कॅशवाल्यांनी माझ्याकडं बघितलं, स्पंजाकडं बघितलं, मग आपल्या अंगठ्याकडं बघितलं, जणू तो त्यांनी आज पहिल्यांदा बघितला.

"पाणी संपलंय, बाई," ते म्हणाले. "शिपाई आला न्हाय."

माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. मी ती काढली, झाकण उघडलं, आणि जाळीखालच्या फटीतून आत सरकवली.

त्यांनी ती घेतली. डबीत पाणी ओतलं. स्पंज हळूहळू फुगला. मोजलेली पहिली नोट त्यांनी बाजूला काढून दुसरी घातली, न सांगता. मग ओल्या बोटानं एकेक नोट मोजत गेले. मागच्या लोकांनी काय काय म्हटलं ते मी ऐकलं नाही. मी बोटाकडं बघत होते.

शेवटी त्यांनी नोटा जाळीखाली ठेवल्या. हातात दिल्या नाहीत, फरशीच्या थंड कट्ट्यावर ठेवल्या, आणि त्यांच्या शेजारी माझी बाटली ठेवली.

मी नोटा उचलल्या. कडांना थोड्या ओलसर होत्या. पाण्यानं.